इंदुताईंची लक्झेंबर्गची फाइल

लक्झेंबर्ग हा देश मी पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी, "काकू, तिथला तो दरीवरचा पूल कसा आहे हो?" असं विचारायला नको. पुलाबद्दल मी दहा मिनिटं बोलू शकते, पण ते सगळं ऐकून-वाचून. तरीही सिंगापूरच्या कित्येक मराठी माणसांना हा देश मीच ओळखीचा करून दिला. आता त्यांतले बरेच जण तिथे जाऊन आले आणि मी आहे इथेच, सिंगापूरच्या क्लेमेंटीत. असो.

मंडळाच्या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून मुली मागे लागल्या. मी म्हटलं, अगं, माझं काम कसलं, फायली लावायचं. सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीत, मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं प्रवासाचं ऑफिस होतं. दोन खोल्या आणि चढताना गुडघे मोजून घेणारा जिना. मालक तमिळ, मनानं दिलदार, बोलायला तोडून. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर घरात दोघांनी एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून मी तिथे लागले, ती नऊ वर्षं राहिले. शिक्षण जुनी अकरावी. इंग्रजी शिकले ती फॉर्म भरून भरून. त्यामुळे माझं इंग्रजी आजही फॉर्मसारखंच आहे, सुटसुटीत आणि थोडं संशयी.

काम दोन तऱ्हेचं. एक, व्हिसाच्या फायली. युरोपला फिरायला जाणाऱ्याची फाइल म्हणजे काय, तर त्या माणसाच्या वतीनं एकच गोष्ट शपथेवर सांगायची, की साहेब, हा माणूस परत येणार. त्याचं घर इथे आहे, नोकरी इथे आहे, त्याला पेन्शन आहे, त्याचं तुमच्याकडे काहीही अडलेलं नाही, तो बर्फ बघेल आणि गुमान घरी येईल. बाकी फोटो, तिकिटं, विमा हा सगळा मसाला. मूळ भाजी ती एवढीच.

पुढे बोटांचे ठसे द्यावे लागायला लागले, तेव्हा आमच्या बायकांची गंमत झाली. जन्मभर भांडी घासून, पिठं मळून बोटांवरच्या रेघाच गेलेल्या. यंत्र काही ठसे घेईना. नागपूरच्या एक आजी काउंटरवरच्या मुलीला हिंदीत म्हणाल्या, "बेटी, सब काम में खर्च हो गया." तेव्हापासून मी साठीच्या पुढच्या प्रत्येकीला पंधरा दिवस आधी सांगायची, झोपताना बोटांना व्हॅसलीन लावा आणि भांडी नवऱ्याला घासू द्या. पहिली सूचना सगळ्या पाळत. दुसरी फक्त दोघींनी पाळली.

दुसरं काम म्हणजे देशाची ओळख. ग्रुप निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना बोलवायचं, चहा द्यायचा आणि जायच्या देशांची माहिती सांगायची. हे माझं स्वतःचं काढलेलं काम. लायब्ररीतून पुस्तकं आणायची, जाऊन आलेल्यांना छळायचं, आणि वहीत लिहून ठेवायचं. पुस्तकात राजे आणि लढाया असतात. आमच्या माणसांना हवं असतं ते असं, की देश केवढा, राज्य कोण करतं, लोक खातात काय, आणि बंद काय काय असतं.

लक्झेंबर्ग आमच्या टूरमध्ये अगदी पोटात यायचा. पॅरिसहून जर्मनीला जाताना बस दोन तास थांबायची. लोक विचारत, "काकू, दोन तासांत देश होतो?" मी म्हणायची, "देश होत नाही. पण फोटो होतात."

तर २०१६च्या सुरुवातीला एक दिवस केतकी आली. पाया लेबारला तिचं ऑफिस, गुंतवणुकीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरचं. राहायला आमच्या क्लेमेंटीतच, माझ्या ब्लॉकपासून दोन ब्लॉक सोडून. लिफ्टमध्ये, बाजारात भेटायची, तेवढीच ओळख. सोबत तिच्या सासूबाई होत्या, इंदुताई. पांढरी स्वच्छ साडी, केस घट्ट बांधलेले, आणि बसण्याची ढब अशी की खुर्ची त्यांची आणि आपण पेशंट. कराडच्या पुढे डोंगरातल्या एका उपकेंद्रात तीस वर्षं नर्सबाई होत्या. नवरा लवकर गेला. मुलगा निखिल इथे आल्यावर त्याच्याकडे आल्या.

"काकू, माझी बदली झालीय. लक्झेंबर्गला, कायमची," केतकी म्हणाली. "निखिल, आमची मुलगी रेवा आणि मी जाणार. आईंनाही न्यायचंय. पण त्या म्हणतात, आधी देश काय आहे ते कळू दे."

"बरोबर आहे," इंदुताई म्हणाल्या. "मुलगी द्यायची तर आपण स्थळ बघतो. इथे तर मी सबंध म्हातारी देतेय."

मी वही काढली. टूरवाल्यांना जे पंधरा मिनिटांत उरकायची, ते त्या दिवशी दीड तास चाललं.

म्हटलं, इंदुताई, देश गोव्याहूनही लहान. आपली सिंगापुरं साडेतीन बसतील एवढा. पण माणसं इथल्या दहाव्या हिश्शाएवढीच. राजा आहे, पण त्याला राजा म्हणत नाहीत, ग्रँड ड्यूक म्हणतात. राजधानी खडकावर आहे आणि गावाच्या मधोमध खोल दरी. वर बँका, खाली नदी, भाजीचे वाफे. दरीवर मोठमोठे पूल. खडकाच्या पोटात जुन्या किल्ल्याचे बोगदे, मैलोन् मैल. आता एवढा श्रीमंत आहे, पण पूर्वी शेतकऱ्यांचा गरीब देश. लोक पोटासाठी बाहेर जायचे. मग दक्षिणेला लोखंडाची खनिजमाती सापडली, लालभडक, आपल्या कोकणासारखी. पोलादाचे कारखाने आले. ते थंडावायला लागले, तर तोवर बँका येऊन बसल्या. वेळेवर धंदा बदलला, हे त्यांचं शहाणपण.

"भाषा?" त्यांनी विचारलं.

"घरात त्यांची स्वतःची, लक्झेंबर्गी. मुलं लिहायला शिकतात जर्मनमधून. कायदे आणि सरकारी कागद फ्रेंचमध्ये."

"म्हणजे घरात एक, शाळेत एक, कचेरीत एक. आमची रेवा तशीच आहे. ओरडते इंग्लिशमध्ये आणि रडते मराठीत."

"आणि निम्मी माणसं बाहेरून आलेली. पोर्तुगीज तर खूप. शिवाय रोज सकाळी शेजारच्या तीन देशांतून लोक कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. आपल्याकडे मलेशियातल्या जोहोरहून येतात ना, तसे."

"थंडी?"

"आहे. हिवाळ्यात पाच वाजायच्या आत अंधार. रविवारी दुकानं बंद. बटाट्याच्या किसाचं थालीपीठ करतात, छान लागतं म्हणे." त्यात अंडं असतं हे मी आवाज उतरवून सांगितलं.

त्यांनी अंडं सोडून दिलं. विचारलं, "म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा कुठे असते?"

हे माझ्या वहीत नव्हतं. मी म्हटलं, "बागेत बाक असतील. पण हे मला माहीत नाही, इंदुताई. विचारून सांगते."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "माहीत नाही म्हणालात, आता बाकीच्यावर विश्वास बसला. चल गं केतकी, जाऊ या."

फाइल माझ्याकडे आली. टूरची नव्हे, कायम राहायला जायची. अशी फाइल मी पूर्वी केली नव्हती, पण मी ‘हो’ म्हणून बसले. आता हिला नाही कसं म्हणायचं? शिवाय मनात म्हटलं, फाइल ती फाइल. सगळ्या कागदांत एक पत्र हवं होतं, सासूबाईंनी स्वतःबद्दल लिहिलेलं. इंदुताईंनी ते मराठीत लिहून आणलं. मोत्यासारखं अक्षर. ‘मी श्रीमती इंदुमती अमुक अमुक, सेवानिवृत्त आरोग्यसेविका. मला पेन्शन आहे. माझं स्वतःचं घर आहे. माझी भावजय जवळच्याच वाडीत राहते. मी आयुष्यात कोणावर अवलंबून राहिलेली नाही व राहणार नाही. आपल्या देशावर किंवा माझ्या सुनेवर मी भार होणार नाही, याची खात्री देते.’

वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं ताठ पत्र मी बघितलं नव्हतं. मी ते जीव ओतून इंग्रजीत केलं. ‘अवलंबून नाही’ हे दोनदा घातलं, एकदा त्यांच्या वतीनं आणि एकदा माझ्या आनंदानं.

अडीच महिन्यांनी केतकीचा ऑफिसातूनच फोन आला. "काकू, आईंचं काम नाही झालं. आमच्या तिघांचं झालंय."

आलेलं पत्र मी मालकांपुढे ठेवलं. त्यांनी आधी ते वाचलं, मग आपली फाइल वाचली आणि चष्मा काढला.

"आँटी, धिस वन टुरिस्टचं पत्र, लह." मालक माझ्याशी असंच खिचडी बोलत, माझ्याकडून उचललेलं मराठी घालून आणि शेवटी इथला सिंगापुरी ‘लह’ लावून. "तू लिहिलं, तिला घर आहे, तिला पैसा आहे, तिला फॅमिली आहे, कोणाची गरज नाही. ते म्हणाले, ओके, गरज नाही तर तिथेच राहा."

मला काही क्षण कळेचना. मग कळलं. सुनेकडे कायम राहायला जाणाऱ्या सासूनं दाखवायचं असतं ते बरोबर उलटं. माझं ह्यांच्यावाचून चालत नाही, मागे मला बघणारं कुणी नाही. त्याखेरीज तो देश कुणाच्या आईबापांना घेत नाही. नकार देणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. नियमाच्या कागदावर ‘अवलंबून’ हा शब्द होता आणि मी तो वाचलाही होता. पण नऊ वर्षांची सवय. फाइल उघडली की हात आपोआप लिहायला लागायचा, हा माणूस स्वयंपूर्ण आहे, परत जाणार आहे. मी त्या बाईला परत पाठवायची फाइल सुंदर करून दिली होती.

केतकीला जूनमध्ये हजर व्हायचं होतं. सगळ्यांनी बरोबरच जायचं ठरलेलं, पण आता आईसाठी निखिल रेवाला घेऊन, तिची शाळा नोव्हेंबरात संपेपर्यंत, इथे थांबणार होता. त्यानंतर त्याचा इथे राहायचा पास संपला की आईचाही संपणार. मग इंदुताईंनी जायचं कुठे, तर डोंगरातल्या त्या बंद घरात.

रात्रभर मला चैन पडलं नाही. केतकी ऑफिसला निघायच्या आत दोघींना गाठावं म्हणून सकाळी साडेसहालाच त्यांच्या दारात उभी राहिले. दार रेवानं उघडलं, शाळेचा फ्रॉक आणि तोंडात ब्रश.

"आजी बिझी. कॅनॉट गो इन, लह," ती म्हणाली आणि थुंकायला पळाली.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आवाज येत होते.

"दाब. अजून दाब. मला लागत नाहीये."

"आई, तुम्हाला लागत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे."

"मला शिकवू नकोस. कडेनं पूस, मधून नाही. हां. आता चिकटपट्टी. आडवी गं, उभी काय लावतेस, पतंग आहे का तो?"

केतकी बाहेर आली तेव्हा हातात ट्रे. कापूस, मीठ-पाण्याची बाटली, डाग पडलेलं गॉझ. मला बघून दचकली. मागून इंदुताई आल्या, एका पायात मोजा. माझी नजर पायाकडे गेलेली त्यांनी बघितली आणि पदर सारखा केला, जणू तो टाचेपर्यंत पुरणार होता.

मी बसायच्या आतच बोलले. "इंदुताई, नकार तुमच्यामुळे नाही आला. माझ्यामुळे आला." आणि जे झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी परावलंबी आहे असं लिहायला हवं होतं?"

"खरं असेल तरच."

"खरं नाहीये. आणि खोटं मी तीस वर्षांत साध्या लसीच्या रजिस्टरात लिहिलं नाही. मी जाईन गावाला. मला काही होत नाही."

केतकी सिंकपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "ठीक आहे, आई. मग उद्यापासून ड्रेसिंग तुम्हीच करा."

"करीन. आरसा ठेवून करीन."

"केलं होतंत ना मागच्या आठवड्यात, मी ऑफिसच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा? जखम टाचेला आणि पट्टी घोट्याला."

रेवा फिसकन हसली. इंदुताईंनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण हसू त्यांनाही आवरेना. मग ते हसू कुठेतरी अर्ध्यात थांबलं आणि त्या खाली बसल्या.

रक्तातल्या साखरेनं पायाची जाणीव गेलेली. वर्षापूर्वी बुटात खडा गेला, दिवसभर त्यावर चालल्या आणि कळलंच नाही. जखम भरायची, पुन्हा उघडायची. वाकता येत नाही, त्यामुळे टाच दिसत नाही. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी बजावलेलं, जखम भरली तरी हा पाय रोज कुणीतरी बघायला हवा, नाही तर जाईल. आणि तो रोज सकाळी बघत होती सून. दार लोटून.

"कुणाला सांगायचं?" इंदुताई म्हणाल्या. "जन्मभर वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या. आता नर्सबाईचाच पाय सुनेच्या मांडीवर. ऐकायला कसं वाटतं?"

मी म्हटलं, "तुमच्या उपकेंद्रात पट्टी बांधून घ्यायला कोण कोण यायचं?"

"सगळे. सरपंचसुद्धा. पाय पुढे करून बसायचा ऐटीत."

"मग त्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणायचं? ‘चला, पुढचा कोण?’ म्हणायचं."

"भावजय बघेल का हो रोज?" मी विचारलं.

"तिला स्वतःला दिसत नाही. मोतीबिंदू. पत्रात मी नुसतं ‘जवळ राहते’ लिहिलं. तेवढं खरं आहे."

त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले. दुसरं पत्र जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते, आणि ह्या खेपेला माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही. ‘माझी सून केतकी रोज सकाळी साडेसहाला माझ्या पायाचं ड्रेसिंग करते. ते मला करता येत नाही. गावी ते करणारं कुणी नाही. मी हे काम तीस वर्षं इतरांसाठी केलं असल्यामुळे, ते नीट झालं की नाही हे मला कळतं. ती नीट करते.’

शेवटच्या वाक्यावर केतकी उठून गॅलरीत गेली. कपडे वाळत घालायला, म्हणाली. कपडे काही धुतलेले नव्हते.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट, भावजयीच्या डोळ्यांचा कागद, पोलिसपाटलाचा दाखला, सगळं जमवून नवा अर्ज गेला. जूनमध्ये केतकी गेली. ड्रेसिंगचं काय? निखिल रक्त बघितलं की भिंत धरतो. म्हणून मी जायला लागले, रोज, ऑफिसच्या आधी. प्रायश्चित्त म्हणा हवं तर, पण इंदुताईंनी ते प्रायश्चित्त राहू दिलं नाही, कोर्स करून टाकला.

"हात धुतलात? साबणानं? कोपरापर्यंत?"

"धुतले हो."

"फोनला हात लावलात. पुन्हा धुवा."

पाच महिने मी बोलणी खाल्ली. जखम मात्र बोटाच्या पेराएवढी होती ती मुगाच्या डाळीएवढी झाली. मधल्या काळात त्या मला विचारायच्या, तिथे आज किती अंश, केतकी जेवली असेल का. मी तो देश रोज थोडा थोडा नव्यानं वाचायला लागले. किल्ले सोडून दिले. दवाखाना घरापासून किती लांब, बस कुठे थांबते, फुटपाथवर बर्फ पडलं तर उचलतं कोण, असलं वाचायला लागले. केतकीलाही कामाला लावलं. तिनं एका रविवारी नदीकाठी जाऊन बाक मोजले आणि आकडा कळवला. इंदुताई म्हणाल्या, "पाठ टेकायला आहे का, ते विचारा."

एक मात्र मनाला लागून आहे. माझ्या एका ताठ पत्रापायी ते पाच महिने रेवानं आई फोनच्या काचेत बघितली. केतकीनं मला कधी शब्दानं दुखवलं नाही. पण मी ते विसरू नये म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की आधी विचारा माणूस जातोय की राहतोय, मग लेखणी उचला.

ऑक्टोबरात परवानगी आली. निखिलनं ऑफिसच्या जिन्यावरूनच हाक मारली. मालकांनी खालून जिलेबी मागवली आणि स्वतः निम्मी खाल्ली.

नोव्हेंबरात केतकी सगळ्यांना न्यायला आली. चांगी विमानतळावर पोचवायला मी गेले होते. बॅगा तपासायच्या रांगेत इंदुताई पाय जरा ओढताहेत असं मला वाटलं. मोजा सरकला होता आणि पट्टी सुटलेली. एवढा लांबचा प्रवास पुढे. मी म्हटलं, बाथरूममध्ये जाऊ या, दार लावून करून देते.

इंदुताईंनी इकडेतिकडे बघितलं. सुटीची गर्दी, गाड्यांवर गाड्या, पोरांची रडारड. मग त्या तिथल्याच बाकावर बसल्या, मोजा काढून माझ्या हातात दिला, आणि पाय उचलून सरळ केतकीच्या मांडीवर ठेवला.

"नीट बघ गं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा नर्सबाईंच्या आवाजात म्हणाल्या. "मला दिसत नाही. आणि आडवी लाव."